चौलची प्रभावळ

परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "समुद्र कसा होता?" आता समुद्र कसा असणार? ओला होता, खारट होता आणि आमच्या ह्यांना अजिबात मानवला नाही. पण मी समुद्र बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते तांबं बघायला. हे सांगितलं की अमरावतीच्या बायका माझ्याकडे अशा बघतात, जसं काही माझ्या घरी तांब्याचा एक गडूसुद्धा नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं लिहूनच काढावं. ज्यांना वाचायचं ते वाचतील, बाकीच्यांनी खुशाल समुद्राबद्दल विचारत राहावं.

झालं असं की दिवाळीनंतर एका लग्नासाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे मुंबईत गेलं की प्रदर्शन बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि प्रदर्शनात गेलं की ह्यांना जांभया आवरत नाहीत. तिथे एका कोपऱ्यात तांब्याचं एक मोठं ताट उभं केलेलं होतं. त्यावर देव नाही, देवी नाही, वेलबुट्टी नाही. नुसतं पाणी. काठाशी ओल्या वाळूचा तांबूस रंग, मग नारिंगी, मग जांभळा, आणि आत जाता जाता असा निळा की बघतच राहावं. हात लावू नये अशी पाटी होती, म्हणून मी इकडे तिकडे बघून हात लावला. रंगाचा थर बोटाला लागेना! तांबं नागव्या तांब्यासारखंच गुळगुळीत. मग हा रंग बसलाय कुठे? खाली नाव होतं, रघुनाथ तांबट, चौल.

"चौल म्हणजे कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळ," हे म्हणाले. "माझ्याबरोबर कॉलेजात एक मित्र होता, त्याचे थोरले भाऊ असतात तिथे. बाग आहे सुपारीची."

एवढं बोलायला नको होतं हे त्यांना लगेच कळलं, पण उशीर झाला होता. माघात कोर्टाच्या कामासाठी पुन्हा मुंबई करायची होती. मी म्हटलं, मुंबईहून चौल ते काय लांब! "एका ताटासाठी समुद्र ओलांडायचा?" म्हणून हे चार दिवस धुसफुसले आणि पाचव्या दिवशी मित्राच्या भावाला कळवून मोकळे झाले.

रेवस

मुंबईच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा आमचे वकीलसाहेब कोट, उपरणं आणि टोपी अशा थाटात कठड्याशी उभे होते. बोट खुल्या पाण्यात आली आणि थाट उतरला. पुढचा सगळा प्रवास त्यांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून केला, आणि मधून मधून डोळे उघडून "अजून तांबं दिसत नाही का?" असं खोचकपणे विचारत राहिले. शेजारी एक कोळीण बसली होती, हिरवं लुगडं, अंगावर ठसठशीत सोनं. तिनं ह्यांच्या हातावर आल्याचा तुकडा ठेवला आणि मला म्हणाली, "कवा पानी बगलंच न्हाय का गो तुज्या घोवानं?" नवऱ्याला घोव म्हणतात हे मला ह्यांनीच मागाहून ओशाळून सांगितलं.

रेवसला ओहोटी होती. बोट धक्क्याला लागेना. होडीत उतरायचं, आणि होडीही चिखलापाशी थांबली की पुढे कोळ्याच्या खांद्यावर बसून किनारा गाठायचा! आमच्याकडे वऱ्हाडात नदीला पूर आला तर माणूस दोन दिवस अलीकडे मुक्काम करतो, पण दुसऱ्याच्या खांद्यावर बसत नाही. मी सरळ पदर खोचला आणि चिखलात उतरले. हे मात्र खांद्यावर बसले. अर्ध्या वाटेत टोपी पडली, ती धरायला वाकले, आणि टोपीपाठोपाठ स्वतःही गेले. कोळी हसला नाही, बिचारा सभ्य होता. मी हसले. अलिबागपर्यंत मोटारीत हे माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णांचं घर

अलिबागहून टांग्यानं चौल. रस्ता दोन्ही बाजूंनी बागांनी असा मिटलेला की भर दुपारी ऊन शोधावं लागतं. जिकडे तिकडे रहाटाचा आवाज, पाटाचं पाणी झुळझुळतंय, आणि सरळ उंच गेलेल्या सुपाऱ्या. आमच्याकडे सावली म्हटली की एक कडुनिंब आणि त्याखाली सगळं गाव.

ह्यांच्या मित्राचे थोरले भाऊ, त्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो. साठीचे, अंगावर पंचा, कानात भिकबाळी, आवाज असा की माडावरच्या माणसाशी जमिनीवरून गप्पा माराव्यात. आम्हाला बघताच ओरडले, "या हो या! वहिनी, आधी शहाळं घ्या, मग बोला." जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची मऊ भाकरी, सोलकढी आणि पांढरा कांदा. कांदा मी हावरटासारखा खाल्ला. आमचा कांदा डोळ्यांतून पाणी काढतो, हा गोड! पण मिरचीच्या नावानं सगळा आनंद. तिसऱ्या घासाला मी पिशवीतला ठेचा काढला. अण्णांनी बोटाच्या टोकावर घेतला, जिभेला लावला, आणि शहाळ्याकडे धावले ते मला अजून दिसतंय.

तांब्याच्या ताटाचं बोलणं काढलं तेव्हा मात्र अण्णांचा आवाज खाली आला.

"रघू ना? पोर गुणी आहे हो. बापानं ह्या आळीला भांडी दिली, त्याच्या बापानं देवळाला घंटा दिली. ह्यानं मात्र मुंबईला दोन वर्षं चित्रं शिकून काय डोक्यात घेतलंय देव जाणे." मग त्यांनी सांगितलं ते असं. आळीत गणपतीचं लहानसं देऊळ, अण्णा त्याचे मुख्य पंच. देवामागची प्रभावळ, म्हणजे मूर्तीला महिरपीसारखी धरून असते ती धातूची कमान, जुनी होऊन फुटली होती. नवी करायचं काम रघुनाथकडे गेलं. माघी उत्सवाला ती बसवायची, आणि उत्सव तोंडावर आला होता. "केली आहे म्हणतो. पण रंगवली आहे म्हणे! सोंगं रंगवतात हो, देवाचं तांबं नाही."

"गणपती रंगवतातच की, अण्णा," मी म्हटलं.

"ती माती, वहिनी. तिची गोष्ट वेगळी, ती पाण्यात जाते आणि दरसाल नवी येते. तांबं-पितळ घासूनच देवापुढे जायचं, ही इथली रीत." एवढं म्हणून त्यांनी मला आणखी भात वाढला. रागावलेल्या पाहुण्याला वाढत राहायचं, हीसुद्धा इथली रीतच असावी.

तांबटाच्या घरी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच रघुनाथकडे गेले. हे अण्णांबरोबर सुपारी सोलणं बघत बसले. ओटीवर एक म्हातारी बाई तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं, तांब्याचं ताट पाहिल्याचं सांगितलं, तर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझा हातच धरला.

"एवढ्या लांबून? वऱ्हाडातून? रगू! अरे रगू, बघ कोण आलंय! बस गो बाय, बस."

ह्या भागीरथीबाई, रघुनाथची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि रघुनाथ एकुलता एक. तो मागच्या पडवीतून आला. तिशीचा, सडपातळ, हसरा, आणि दोन्ही भुवया जळून अर्ध्या झालेल्या. भुवयांकडे माझं लक्ष गेलं तसा तो आपणच म्हणाला, "भाता फुंकताना जवळ गेलो की जातात, ताई. येतात परत."

पडवीत त्याचं काम चालतं. एका बाजूला राळ भरलेला मोठा थाळा. त्यावर तांब्याचा पत्रा बसवायचा, बोथट छिन्न्यांनी मागून ठोकायचा म्हणजे पुढे उठाव येतो. हे मला ठाऊक होतं. पण भिंतीवर बघते तर काय, वितीएवढ्या तांब्याच्या शेकडो पट्ट्या दोऱ्यांनी टांगलेल्या, वारा आला की एकमेकींवर आपटणाऱ्या, आणि एकीचा रंग दुसरीसारखा नाही! मी शाळेत मुलींना सांगते, मूळ रंग तीन. इथे एका तांब्यातून किती निघाले होते त्याची गणती नव्हती.

"हा पिकल्या सुपारीचा," एकेक पट्टी हातात घेऊन तो सांगायला लागला. "हा खेकड्याच्या नांगीचा. हा खाडीचा, भरती यायच्या आधीचा. आणि हा अण्णांना राग येतो तेव्हाचा." शेवटची पट्टी विटकरी लाल होती.

"पण लावतोस कशानं?"

"लावत न्हाय, ताई. बघा."

त्यानं कोरी पट्टी चिमट्यात धरली आणि निखाऱ्यावर नेली. मी वाकून बघत राहिले. तांब्याचा चकचकीतपणा आधी मंद झाला, मग टोकाकडून नारिंगी सरकत आला. मागून किरमिजी, त्याच्या पाठीला जांभळा, आणि मी "अगबाई!" म्हणते तोवर निळा! आणखी क्षणभर राहिली असती तर? तो म्हणाला, "सगळं पांढरट होऊन जातं. नारिंगीत रमलं तर जांभळा चुकतो, जांभळ्याचा लोभ धरला तर निळा जातो. हवा तो आला की पाण्यात." चर्र करून पट्टी पाण्यात गेली आणि निळा तिथेच राहिला.

हिरव्याची तऱ्हा निराळी. कल्हईचा नवसागर, खाडीचं पाणी आणि ताडीचा शिरका ह्यांचं मिश्रण तापल्या तांब्यावर कुंच्यानं मारायचं. आई ओटीवरून ओरडली, "माज्या लोणच्याचा शिरका गो तो! घरात ठेवायची सोय न्हाय!" पण ओरडण्यात तक्रार नव्हती, कौतुक होतं.

लहानपणी बापाच्या हाताखाली असताना त्याच्या हातून एक हंडा जास्त तापला. त्यावर जांभळा डाग उठला. बापानं कानशिलात दिली आणि डाग घासून टाकायला लावला. "मी रडत होतो ते माराला न्हाय," रघुनाथ म्हणाला. "घासला म्हणून." मुंबईत तो कागदावर रंगवायला शिकला, पण त्याला रंग धातूच्या बाहेरून आणायचाच नव्हता. म्हणून परत आला, आणि तेव्हापासून सकाळ झाली की एकच उद्योग: किनाऱ्यावर जायचं, काहीतरी बघायचं, आणि घरी येऊन ते तांब्यातून निघतं का म्हणून दिवस घालवायचा. असा माणूस मी पाहिला नव्हता. मनापासून सांगते, मला त्याचा हेवा वाटला.

मग त्यानं गोणपाट दूर केलं आणि प्रभावळ दाखवली.

माझ्या कमरेएवढी उंच. वर मधोमध कीर्तिमुख, आणि त्याच्या तोंडातून दोन्हीकडे लाटा खाली उतरलेल्या, लाटांमध्ये सुपारीची झाडं. वरचा भाग पहाटेसारखा नारिंगी, मध्ये जांभळा, खाली जाता जाता निळा आणि पायाशी खाडीचा काळसर हिरवा. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं, आणि धूर फार आहे हो असं म्हटलं.

"आता फक्त मेण चढवायचं राहिलंय," तो म्हणाला. "मेणानं रंग टिकतो. उद्या अलिबागेहून आणतो. आज संध्याकाळी पंच बघायला येतायत. त्यांनी घेतली तर घेतली."

"आणि नाही घेतली तर?"

त्यानं आईकडे एकदा पाहिलं आणि आवाज लहान केला. मुंबईत दुकानांच्या पाट्यांचा एक कारखाना होता, तिथून त्याला बोलावणं आलं होतं. उत्सव झाला की कळवतो असं त्यानं सांगून ठेवलं होतं. "माझं तांबं माझ्याच गावाला नको असेल, ताई, तर इथे बसून मी कुणासाठी करू? मग पाट्या काय वाईट?"

आवाज लहान केला तरी काय होतं! ओटीवरचं सूप वाजायचं थांबलं होतं.

पोपटी

संध्याकाळी पंच आले, प्रभावळीभोवती फिरले, आणि कळवतो म्हणून गेले. पुढचं बोलणं अण्णांच्या वाडीत पोपटीपाशी झालं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भरायचे, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पाणी टाकायचं नाही. त्या पाल्याचा वास शेंगांना लागतो तो काय सांगू! आमचा हुरडा तो हुरडाच, पण त्या दिवशी मी हुरड्याशी बेईमानी केली. हे तर मडक्याजवळून हलेनात. समुद्राची सगळी भरपाई त्यांनी तिथे करून घेतली.

भागीरथीबाईही आल्या होत्या. रघुनाथ नव्हता. त्यांनीच भीत भीत विषय काढला. "अण्णा, काय ठरलं?"

"काम नामी आहे, वहिनी. हात तुमच्या घराण्याचाच," अण्णा म्हणाले. "पण तो काळानिळा रंग फासलेला देवामागे कसा चालेल? लख्ख तांबं असतं तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं."

मी भांडले. रंग फासलेला नाही, तापवून आलेला आहे, असं दहादा सांगितलं. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला नवं आवडतं," असं म्हणून अण्णांनी माझ्यापुढे आणखी शेंगा ओतल्या. भागीरथीबाई शेंगा सोलत राहिल्या, आणि एकही तोंडात घातली नाही.

देवळाच्या विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथ मेण आणायला अलिबागला गेला आणि आम्ही रेवदंड्याचा कोट बघायला. कोट फार छान आहे, त्यात माड वाढलेत आणि तटापलीकडे समुद्र आहे. ह्याहून जास्त मला आठवत नाही, कारण परत आल्यावर जे पाहिलं त्यानं बाकी सगळं पुसून टाकलं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी आळीतल्या सगळ्या बायका देवळाची भांडी विहिरीवर काढून घासतात. समया, घंटा, ताम्हनं, पराती, सगळं. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. आम्ही टांग्यातून उतरलो तेव्हा विहिरीभोवती नुसता लखलखाट होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, उन्हात, प्रभावळ. गुलाबी, कोरी, लख्ख. एका रंगाचा ठिपका तिच्यावर राहिला नव्हता.

शेजारी भागीरथीबाई बसल्या होत्या, कोपरापर्यंत चिंचेनं माखलेल्या. "बघ गो बाय," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "कशी झाली! सकाळपासून मीच घासली. कुणाला हात लावू न्हाय दिला."

"अहो बाई, काय केलंत हे!" मी ओरडलेच. "त्याचं सगळं काम होतं ते!"

"म्हायती हाय मला." त्यांनी हातातली शेंडी खाली टाकली. "मला काय कळत न्हाय? पण अण्णा न्हाय म्हणाले तर पोर जाईल ना गो. रंग गेला तर गेला. रंगापायी लेक घालवू?"

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले, आणि आम्ही दोघी रस्त्याकडे बघत राहिलो.

रघुनाथ मेणाचं पुडकं घेऊन आला. विहिरीपाशी येऊन थांबला. प्रभावळीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग खाली बसून आईचे हात हातात घेतले. चिंचेनं बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यानं विहिरीचं पाणी काढून ते हात धुतले. तेवढ्यात अण्णा आले आणि दुरूनच त्यांचा आवाज आला, "वा वा! आता कशी देवाची शोभते! उद्या बसवू या!"

"ऐकलंस ना?" भागीरथीबाईंचा चेहरा उजळला. "घेतली त्यांनी!"

"बसवा," रघुनाथ म्हणाला. "उत्सव झाला की मी मुंबईला जातो."

"आता का रे? आता तर घेतली ना?"

"आई, ती माझी कुठे राहिली? अशी कुणीही ठोकून देईल."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. ज्यासाठी सकाळभर हाताची सालं काढली तेच उलटं झालं होतं, आणि ते तिला माझ्या डोळ्यांदेखत कळलं.

मग माझं डोकं फिरलं. पाहुणी म्हणून आलेय, अण्णांचं मीठ खाल्लंय, सगळं विसरले. "अण्णा, तांब्यावर रंग चढताना तुम्ही कधी पाहिलाय का हो?"

"त्यात काय बघायचं? कुंचला घ्यायचा आणि फासायचा."

"बघितलं नाही ना? मग नाही म्हणायच्या आधी एकदा बघा! रघुनाथ, आण शेगडी इथे. ह्यांच्यासमोर चढव."

"उद्या बसवायची आहे, ताई. मागल्या वेळी मला सगळा पावसाळा लागला," तो म्हणाला. पण बोलता बोलता त्याचा हात प्रभावळीवरून फिरत होता. कोपऱ्यांत, लाटांच्या खळग्यांत, कीर्तिमुखाच्या दाढांमध्ये. हात मध्येच थांबला. "आई, खळग्यातसुद्धा घासलंस?"

"मग? अर्धवट घासून देवापुढे न्यायची?"

"एवढं स्वच्छ तांबं मला कधी मिळालं नव्हतं. ह्यावर रंग झटकन धरेल," तो स्वतःशीच म्हणाला, आणि उठला.

अंगणातला जाळ

देवळाच्या अंगणात निखारे पडले. भाता आला. भात्याशी कोण बसणार म्हणता म्हणता भागीरथीबाई पदर खोचून बसल्याही. नवऱ्याच्या वेळी त्याच बसत. आळीतल्या बायका भांडी टाकून गोळा झाल्या, वाडीतले गडी आले, पंच आले. आमचे हेही आले आणि सगळ्यांत पुढे उभे राहिले.

रघुनाथ मोठ्या चिमट्यांनी प्रभावळ जाळावर फिरवायचा, आणि हवा तो रंग आला की त्या जागी ओलं फडकं टाकायचा. "आई, जोरात. बस. थांब. आता हळू." त्या दोघांना एकमेकांकडे बघावंसुद्धा लागत नव्हतं. पायाकडून निळा उगवला तेव्हा बायकांमधून "आगो बाय!" असा एकच सूर निघाला. जांभळा लाटांवरून वर चढायला लागला. आणि एवढ्यात, काय सांगू, अण्णाच ओरडले!

"थांब, थांब, थांब! तो निळा राहू दे! अरे फडकं टाक, जाईल तो!"

सगळे हसले. अण्णांना आपण काय बोललो ते मागाहून कळलं, पण मग त्यांनी लाज सोडलीच. इकडे नारिंगी हवा, तिकडे जरा जास्त होऊ दे, असं सांगत सुटले. रघुनाथ घामानं निथळत होता आणि हसत होता. डाव्या बाजूला एका लाटेवर रंग हातचा निसटला आणि पांढरट झाला. अण्णा हळहळले. "फेस आहे तो लाटेचा," आमचे हे म्हणाले. लग्न झाल्यापासून चित्राबद्दल ते पहिल्यांदाच काहीतरी बोलले, आणि बरोबर बोलले.

उन्हं कलली तेव्हा प्रभावळ मेण लावून देवळाच्या पायरीशी उभी होती. पहिलीसारखी नव्हती. पहिली शांत होती, ही उसळलेली होती. दोहोंत चांगली कोणती ते मला आजही ठरवता येत नाही.

"रंग कुठे फासलाय, अण्णा?" मी विचारलं. राहवलं नाही.

"नाही फासलेला, वहिनी. बघितला मी येताना." मग त्यांच्यातला पंच पुन्हा जागा झाला. "पण रघू, पुढच्या माघाला काय? घासल्याशिवाय देवापुढे जायची नाही, ही रीत मी मोडणार नाही."

"घासा की," रघुनाथ म्हणाला.

"आणि रंग?"

"गणपती दरसाल नवा रंगवतात, तशी हीसुद्धा. तुम्ही घासा, मी चढवीन."

"म्हणजे दरसाल तू इथे हवास."

"तसंच झालं," रघुनाथ म्हणाला, आणि शेगडीतले निखारे विझवायला लागला.

दुसऱ्या दिवशी प्रभावळ बसली. आरतीच्या वेळी समयांचा उजेड तिच्यावर पडला आणि लाटा हलल्यासारख्या वाटल्या. अण्णा येणाऱ्या जाणाऱ्याला हाताला धरून गाभाऱ्याशी नेत होते आणि हा निळा कसा आपण थांबवला ते सांगत होते.

निघायच्या दिवशी मी भागीरथीबाईंच्या पाया पडायला गेले. पडवीतून ठोकण्याचा आवाज येत होता. त्यांनी माझी ओटी भरली, वाटेसाठी आल्याचा तुकडा दिला, आणि ह्यांना बोटीत चघळायला सांग म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, खरं सांगा हं. प्रभावळ कशी झालीय?"

त्यांनी पडवीकडे नजर टाकली, माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते गो. मला घासलेलीच बरी दिसत होती. पण लेक राहिला ना."